बास्केटबॉलमधील थोरवी आणि बदलत्या मोजपट्ट्या

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए या व्यावसायिक साखळीच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद आज प्रामुख्याने मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स या दोन नावांभोवती फिरत असला, तरी तो या दोघांच्याही आधीचा आहे. १९६०च्या दशकात तो बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांच्याविषयी घातला जात होता, आणि त्याही आधी जॉर्ज माइकन यांच्या तोडीचा कोणी होणे नाही असे ठामपणे सांगणारी पिढी होती. या वादात प्रत्येक पक्ष आकडे पुढे करतो. परंतु ते आकडे ज्या नियमांखाली, ज्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आणि ज्या नोंदपद्धतीने निर्माण झाले, त्यांपैकी एकही गोष्ट सत्तर-पंचाहत्तर वर्षे स्थिर राहिलेली नाही. कित्येकदा तर नियम बदलण्याचे कारण तो थोर खेळाडूच होता, त्यामुळे त्याने केलेला विक्रम आणि पुढच्या पिढीसमोर ठेवलेली मोजपट्टी या दोहोंवर त्याचाच ठसा उमटलेला दिसतो.

याचे पहिले ठळक उदाहरण माइकन यांचेच आहे. सहा फूट दहा इंच उंचीचा हा चष्मा लावून खेळणारा सेंटर, म्हणजे बास्केटच्या अगदी निकट खेळणारा उंच खेळाडू, मिनियापोलिस लेकर्स संघाचा आधारस्तंभ होता, आणि त्याला रोखण्याचा उपाय इतर संघांना सापडत नसल्यामुळे १९५१ साली बास्केटखालचा आखलेला पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. आक्रमण करणाऱ्या संघातील खेळाडूला या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ थांबता येत नाही, त्यामुळे पट्टा रुंदावणे म्हणजे माइकन यांना बास्केटपासून दूर ढकलणे होते. दुसरा उपाय याहून सोपा आणि अधिक कंटाळवाणा होता: चेंडू हातात आला की तो सोडायचाच नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने लेकर्सविरुद्ध नेमके हेच केले आणि १९-१८ असा सामना जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या माइकन यांचे होते. व्यावसायिक खेळ अशा रीतीने तिकिटे विकू शकणार नाही हे मालकांच्या ध्यानात यायला आणखी काही हंगाम गेले. १९५४ साली सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहावरून चोवीस सेकंदांचे घड्याळ आले, ज्यानुसार चेंडूचा ताबा मिळालेल्या संघाने तेवढ्या वेळात बास्केटच्या दिशेने फेक करणे बंधनकारक झाले. बियासोन यांचा हिशेब साधा होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात, आणि ४८ मिनिटांच्या सामन्यातील २,८८० सेकंदांना १२० ने भागले असता २४ येतात. पहिल्याच हंगामात संघाची सरासरी गुणसंख्या सुमारे ७९ वरून ९३ वर गेली. माइकन यांनी घड्याळ येण्याआधीच निवृत्ती घेतली होती. १९५५-५६ मध्ये ते काही सामन्यांपुरते परतले, पण वेगवान झालेल्या खेळात त्यांचे पूर्वीचे वर्चस्व दिसले नाही. म्हणून माइकन यांची सरासरी आणि त्यांच्यानंतरच्या कोणाचीही सरासरी एका ओळीत मांडणे हे मुळातच सदोष आहे, कारण १९५४ च्या दोन बाजूंना जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत.

माइकन यांच्या काळाची दुसरी मर्यादा नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. एनबीएची पूर्वसूरी संस्था १९४६ साली स्थापन झाली आणि १९४९ मध्ये दुसऱ्या साखळीशी विलीन होऊन तिला आजचे नाव मिळाले, परंतु १९५० च्या हंगामापर्यंत तिच्यात एकही कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू नव्हता. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी अर्ल लॉईड मैदानात उतरले आणि त्याच हंगामात चक कूपर व नॅट क्लिफ्टन हेही खेळले. त्यापूर्वीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या गुणवत्तेचा पुरावा साखळीच्या बाहेर शोधावा लागतो. बॉब डग्लस यांनी १९२३ मध्ये हार्लेममध्ये उभा केलेला न्यूयॉर्क रेनेसान्स हा संघ १९३२-३३ मध्ये सलग ८८ सामने जिंकला आणि १९३९ साली शिकागो येथील जागतिक व्यावसायिक स्पर्धेचा विजेता ठरला. फेब्रुवारी १९४८ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाने माइकन यांच्या लेकर्सना ६१-५९ असे हरवले. थोरांच्या क्रमवारीत रेनेसान्सच्या खेळाडूंची नावे क्वचितच येतात, आणि त्याचे कारण ते कमी प्रतीचे होते हे नसून ज्या वहीत आकडे लिहिले जात होते ती वहीच त्यांच्यासाठी बंद होती. जुन्या काळाची बाजू घेणाऱ्यांनी या एका मुद्द्याला अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

पिढ्यांच्या तुलनेचा खरा कस मात्र १९६१-६२ या हंगामात लागतो, कारण आजही न मोडलेले किंवा मोडायला अर्धे शतक लागलेले अनेक विक्रम या एकाच हंगामातले आहेत. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या चेंबरलेन यांनी सामन्यागणिक ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड अशी सरासरी राखली. रिबाउंड म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर उसळून आलेला चेंडू ताब्यात घेणे. सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गुणाला कारण ठरणारे पास, अशी तिन्ही बाबतींत दुहेरी आकड्यांची सरासरी नोंदवली, जी संपूर्ण हंगामभर पुन्हा राखणे २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुक यांच्या आधी कोणालाही जमले नाही. लॉस एंजेलिसचे एल्जिन बेलर लष्करी सेवेत असल्यामुळे सुट्टी मिळेल तेव्हाच खेळू शकत होते, तरी ४८ सामन्यांत त्यांची सरासरी ३८.३ गुणांची होती. आणि २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी, अवघ्या चार हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, चेंबरलेन यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्या सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. अखेरच्या सत्राचे रेडिओवरील धावते वर्णन तेवढे उरले आहे.

हे आकडे आजच्या खेळात पाहिले तर अशक्यप्राय वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्यामागची परिस्थिती तपासणे आवश्यक ठरते. त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्यागणिक सुमारे १०८ फेकी करत होता आणि त्यांपैकी जेमतेम ४३ टक्के बास्केटमध्ये जात होत्या. आजचा संघ सुमारे ९० फेकी करतो आणि त्यांतील जवळजवळ ४७ टक्के यशस्वी होतात. फेकी अधिक आणि चुकाही अधिक असल्यामुळे हवेत उडणारे मोकळे चेंडू त्या काळी कितीतरी जास्त होते, आणि संघाचे सामन्यातील सरासरी रिबाउंड सत्तरीच्या पुढे असत, जे आज ४४ च्या घरात आहेत. याचा अर्थ रॉबर्टसन यांचे १२.५ रिबाउंड आजच्या प्रमाणात आठांच्या आसपास येतील, आणि चेंबरलेन यांचे २५.७ सोळांच्या आसपास. ही संख्याही आजच्या बहुतेक सेंटरांच्या आवाक्याबाहेरची आहे, त्यामुळे हिशेब केल्यावर जुने विक्रम फुकाचे ठरतात असे म्हणणाऱ्यांचाही दावा टिकत नाही. चेंबरलेन यांच्या गुणांनाही हाच न्याय लावता येतो. त्यांचा संघ सामन्यात सुमारे १२५ गुण करत असे, म्हणजे त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांचा होता. १९८६-८७ मध्ये ३७.१ ची सरासरी राखणाऱ्या जॉर्डन यांचा संघ सुमारे १०५ गुण करत होता, म्हणजे त्यांचा वाटा पस्तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. पन्नास आणि सदतीस या आकड्यांमधली दरी खरी असली, तरी ती दिसते तेवढी खोल नाही.

मात्र एका बाबतीत कोणताही हिशेब चेंबरलेन यांना खाली आणू शकत नाही. सामना ४८ मिनिटांचा असताना त्या हंगामात त्यांनी सरासरी ४८.५ मिनिटे खेळ केला, कारण जादा वेळेत गेलेल्या सामन्यांतही ते बाहेर बसले नाहीत. आजची साखळी खेळाडूंच्या विश्रांतीमुळे इतकी त्रस्त आहे की २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी ८२ पैकी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालावी लागली. शरीरशास्त्र, आहार आणि दुखापतींवरील उपचार यांत झालेल्या प्रगतीचा हवाला देऊन आजच्या खेळाडूंना श्रेष्ठ ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अर्थात आजच्या खेळातील धावण्याचे, थांबण्याचे आणि दिशा बदलण्याचे ओझे त्या काळापेक्षा अधिक आहे, हा प्रतिवादही तितकाच ग्राह्य आहे.

या विलक्षण हंगामानंतर सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार चेंबरलेन यांना मिळाला नाही, रॉबर्टसन यांनाही नाही. तो बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेल यांना मिळाला, ज्यांची संपूर्ण कारकिर्दीतील सरासरी १५.१ गुणांची होती. या पुरस्काराचे मतदान तेव्हा खेळाडू करत असत, पत्रकारांकडे ते १९८०-८१ पासून गेले. विशेष म्हणजे त्याच वर्षी हंगामातील सर्वोत्तम पाच जणांच्या संघात सेंटर म्हणून चेंबरलेन यांची निवड झाली आणि रसेल दुसऱ्या संघात गेले. एकाच हंगामातील दोन निवडींचे असे दोन परस्परविरोधी निकाल लागले असतील, तर पन्नास वर्षांच्या अंतरावरून दोन खेळाडूंची तुलना करणाऱ्यांनी किती सावध असावे हे वेगळे सांगायला नको. रसेल यांच्याविरुद्ध प्रत्यक्ष खेळणाऱ्यांना जे दिसत होते ते गुणफलकाच्या कागदावर उतरत नव्हते. प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे, म्हणजे ब्लॉक, ही रसेल यांची खासियत होती, आणि अडवलेला चेंडू मैदानाबाहेर न उडवता सहकाऱ्याच्या हाती जाईल असा टोलवण्याची त्यांची पद्धत होती. परंतु ब्लॉक आणि चेंडू हिसकावणे यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाले होते आणि चेंबरलेन अखेरचा सामना खेळले ते १९७३ मध्ये, नोंद सुरू होण्याच्या केवळ एक हंगाम आधी. ब्लॉकच्या आजच्या अधिकृत यादीत या दोघांच्या नावापुढे एकही आकडा नाही, आणि ज्या कौशल्यामुळे बचावाची कल्पनाच बदलली ते कौशल्य आकडेवारीत शून्य म्हणून उरले आहे.

रसेल यांची बाजू अकरा विजेतेपदांवर उभी आहे: तेरा हंगामांत अकरा, त्यांपैकी अखेरची दोन प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दुहेरी भूमिकेत. त्यावर घेतला जाणारा आक्षेप असा की साखळीत तेव्हा बहुतेक काळ आठ-नऊच संघ होते आणि विजेतेपदासाठी प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामोत्तर बाद मालिकांच्या, दोन किंवा तीन फेऱ्या पुरत, तर आज तीस संघांतून वर येऊन चार मालिका जिंकाव्या लागतात. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. संघ थोडे म्हणजे खेळाडूही शंभरच्या आसपास, आणि म्हणून प्रत्येक संघात गुणवत्तेची दाटी. चेंबरलेन यांची गाठ रसेल यांच्याशी एकाच हंगामात दहा-बारा वेळा पडत असे, जसे आज कोणत्याही दोन सेंटरांच्या बाबतीत घडत नाही. चेंबरलेन यांच्या उत्कर्षाचा खरा पुरावा, काहीसा विरोधाभासाने, त्यांनी कमी गुण केलेल्या हंगामात सापडतो. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टी-सिक्सर्सकडून खेळताना प्रशिक्षक अॅलेक्स हॅनम यांच्या सांगण्यावरून त्यांनी फेकी कमी करून पास वाढवले, सरासरी २४ गुणांवर उतरली, संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची मालिका खंडित केली. शंभर गुणांच्या रात्रीपेक्षा हा हंगाम अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे, पण लोकस्मृतीने उलट निवड केली आहे.

क्रिकेटच्या वाचकाला न झाकलेल्या खेळपट्ट्यांवरील फलंदाजीचा प्रश्न परिचित आहे. बास्केटबॉलमध्ये त्याच जातीचा प्रश्न तीन गुणांच्या रेषेने निर्माण केला. दूरवरून केलेल्या यशस्वी फेकीला दोनऐवजी तीन गुण देण्याची कल्पना प्रतिस्पर्धी साखळ्यांनी आधी वापरली आणि एनबीएने ती १९७९-८० मध्ये स्वीकारली. बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर, आणि कोपऱ्यांत २२ फुटांवर, आखलेली ही रेषा सुरुवातीची कित्येक वर्षे जवळजवळ शोभेपुरती होती, कारण पहिल्या हंगामात एक संघ सामन्यात तीनही फेकी तेथून करत नव्हता. लॅरी बर्ड यांची गणना त्या काळातील सर्वोत्तम दूरफेक करणाऱ्यांत होते, आणि त्यांच्या तेरा हंगामांच्या कारकिर्दीत अशा ६४९ यशस्वी फेकी आहेत. स्टेफन करी यांनी २०१५-१६ या एकाच हंगामात ४०२ केल्या. येथे दोन व्यक्तींच्या नेमबाजीतील फरकापेक्षा दोन पिढ्यांच्या अंकगणितातील फरक अधिक आहे: दुरून केलेल्या फेकींपैकी छत्तीस टक्के जरी यशस्वी झाल्या, तरी त्यातून मिळणारे गुण मध्यम अंतरावरच्या ५० टक्के यशस्वी फेकींपेक्षा जास्त भरतात, ही गोष्ट प्रशिक्षकांनी तीस वर्षांनी मनावर घेतली, आणि आज संघ सामन्यागणिक पस्तीसच्या आसपास फेकी रेषेबाहेरून करतात. जेरी वेस्ट यांच्यासारखा दुरून अचूक नेम धरणारा खेळाडू रेषा येण्यापूर्वीच निवृत्त झाला, त्यामुळे त्यांच्या लांबच्या फेकी जवळच्या फेकींच्या किमतीतच मोजल्या गेल्या.

कारकिर्दीतील एकूण गुणांचा विक्रमही वाटतो तितका एकजिनसी नाही. करीम अब्दुल-जब्बार यांनी एप्रिल १९८४ मध्ये चेंबरलेन यांना मागे टाकले आणि ३८,३८७ गुणांवर ते थांबले. हा आकडा ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्स यांनी ओलांडला आणि पुढच्या वर्षी ते चाळीस हजारांपलीकडे गेले. जेम्स अठराव्या वर्षी शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आले, तर अब्दुल-जब्बार यांना त्यांच्या काळच्या रीतीप्रमाणे चार वर्षे महाविद्यालयात काढावी लागली आणि ते बाविसाव्या वर्षी साखळीत पोहोचले. याच काळात, १९६७ पासून, महाविद्यालयीन खेळात डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबणे, निषिद्ध ठरवले गेले होते, आणि ती बंदी मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे असे अनेकांचे मत होते. अब्दुल-जब्बार यांचा डोक्यावरून वळवलेला, अडवायला जवळपास अशक्य असा स्कायहुक या अडचणीच्या वर्षांत अधिक धारदार झाला. ज्युलियस अर्विंग यांचे प्रकरण तर शुद्ध हिशेबाचे आहे. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या प्रतिस्पर्धी साखळीतील आणि एनबीएतील गुण मिळून त्यांचे ३०,०२६ गुण होतात, पण एनबीएची अधिकृत यादी १९७६ पूर्वीचे पाच हंगाम धरत नसल्याने तेथे त्यांच्या नावावर फक्त १८,३६४ गुण आहेत.

जॉर्डन आणि जेम्स यांच्या तुलनेत नियमांचा आधार दोन्ही पक्ष सोयीने घेतात. जॉर्डन यांच्या काळात बचावपटूला चेंडूवाल्या खेळाडूच्या अंगावर हात ठेवून त्याला अडवण्याची बरीच मुभा होती, जी २००४-०५ पासून कठोरपणे काढून घेण्यात आली. यावरून त्यांचे गुण अधिक कष्टाचे होते असे म्हटले जाते. परंतु त्याच काळात विभागीय बचाव, म्हणजे विशिष्ट प्रतिस्पर्ध्याऐवजी मैदानाचा भाग राखण्याची पद्धत, निषिद्ध होती, आणि ती २००१-०२ मध्ये मान्य होईपर्यंत उत्तम आक्रमकाला एकट्या बचावपटूसमोर मोकळी जागा मिळवून देणे सोपे होते. पहिला नियम जॉर्डन यांच्याविरुद्ध जात होता, दुसरा त्यांच्या बाजूने; वाद घालणारे सहसा दोहोंपैकी एकच लक्षात ठेवतात. निर्विवाद एवढेच की १९८७-८८ मध्ये साखळीत सर्वाधिक सरासरी गुण करणारा आणि सर्वोत्तम बचावपटू ठरलेला खेळाडू एकच होता.

नियमांइतकेच महत्त्व उपजीविकेच्या इतिहासाला आहे, आणि तुलनांमध्ये त्याची चर्चा फारच त्रोटक होते. पहिल्या पिढ्यांतील अनेक खेळाडू हंगाम संपल्यावर दुसरी नोकरी धरत, सामान्य विमानांतून रात्री-अपरात्री प्रवास करत आणि कापडी बुटांत खेळत. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला याहून अधिक होते: १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे उपाहारगृहात सेवा नाकारली गेली म्हणून रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामन्यावर बहिष्कार टाकला. १९६४ साली बॉस्टन येथील तारांकित, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्यापूर्वी निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडू मैदानावर यायला तयार झाले नाहीत, आणि १९७० मध्ये रॉबर्टसन यांनी खेळाडू संघटनेचे अध्यक्ष या नात्याने दाखल केलेल्या दाव्याचा १९७६ मध्ये जो समझोता झाला, त्यातून करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना मिळू लागले. जेम्स यांनी २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला जाणे आणि तेथे विजेता संघ जुळवणे या स्वातंत्र्यामुळेच शक्य झाले. चेंबरलेन यांच्या पिढीला हा मार्ग उपलब्ध नव्हता, तर रसेल यांना त्याची गरज नव्हती, कारण त्यांचा संघ सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी आधीच जुळवलेला होता.

स्पर्धेचा परीघही पालटला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंचा संघ उतरला तेव्हा प्रतिस्पर्धी त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेत होते. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवणारे चारही जण, म्हणजे यानिस अँटेटोकुम्पो, निकोला योकिच, जोएल एम्बीड आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. आजचे खेळाडू सरासरीने श्रेष्ठ आहेत या मताला सर्वांत भक्कम आधार हाच आहे, कारण निवड जितक्या मोठ्या लोकसंख्येतून होते तितका शेवटच्या जागेवरचा खेळाडूही वरच्या प्रतीचा असतो. शिखरावरच्या व्यक्तीविषयी मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि वाद तर शिखराचाच आहे.

साखळीने स्वतः हा प्रश्न याद्यांनी सोडवू पाहिला आहे. पंचविसाव्या वर्धापनानिमित्त १९७१ मध्ये तिने दहा निवृत्त खेळाडू निवडले, त्यांत जो फल्क्स होते: १९४६-४७ च्या पहिल्या हंगामात २३.२ गुणांची सरासरी राखणारे, आणि १९४९ मध्ये एका सामन्यात ६३ गुण करून दहा वर्षे टिकलेला विक्रम रचणारे. पहिल्या हंगामात त्यांच्या केवळ तीस टक्के फेकी यशस्वी झाल्या होत्या, जी गोष्ट त्या काळी कोणाला खटकण्यासारखी नव्हती. १९९६ मध्ये पन्नास थोरांची यादी झाली तेव्हा फल्क्स तिच्यात नव्हते. २०२१ मध्ये ती पंचाहत्तरांची करायची ठरली, मते समसमान पडल्याने शहात्तरांची झाली, आणि १९९६ च्या पन्नासांपैकी एकालाही वगळले गेले नाही. १९७१ च्या दहांतून मात्र फल्क्स आणि बॉब डेव्हिस ही दोन नावे बाहेरच राहिली.